मामल्याचा प्लेग आणि लाल रेघेची गोळी

आजची गोष्ट आपल्याच बीड जिल्ह्यातल्या एका गावापासून सुरू होते. गावाचं नाव मामला. साल १९९४, महिना ऑगस्ट. तुमच्यापैकी ज्या तेव्हा जाणत्या होत्या, त्यांना ते दिवस आठवत असतील.

आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. लोकांच्या मनातली धास्ती गेली नव्हती. त्यात मामल्यात घराघरांत उंदीर मरून पडायला लागले. पिसवा इतक्या झाल्या की अंथरुणावर पाठ टेकवेना. मग माणसांना ताप येऊ लागला. कुणाच्या जांघेत गाठ, कुणाच्या काखेत गाठ. जुन्या म्हाताऱ्या माणसांनी ते दुखणं लगेच ओळखलं, कारण त्यांनी त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तो गाठीचा प्लेग होता. देशातून गेला असं वाटत होतं तो आजार परत आला होता.

भूकंपानंतर लोक घराबाहेर राहिले, धान्य पडक्या घरांत राहिलं, त्यावर उंदीर माजले, असा एक अंदाज तेव्हा मांडला गेला. आरोग्य खात्याची माणसं गावात आली. घराघरांत पिसवा मारायची पावडर टाकली. आणि लोकांना टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या. प्लेग म्हटल्यावर जो मृत्यूचा थैमान डोळ्यांसमोर येतो, तसं मामल्यात काही झालं नाही. माणसं बरी झाली.

हा खरंच प्लेग होता का, यावर पुढे डॉक्टरांमध्ये बरेच वाद झाले. मग सरकारने डॉक्टर रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने तपासून सांगितलं की हा प्लेगच होता.

आता मामल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं मागे जाऊ. मग त्या साध्या गोळीची किंमत कळेल.

१८९६ साली मुंबईत मांडवी बंदराच्या भागात प्लेग आला. तिथून तो पुण्यात शिरला. आजार तोच, उंदीर तेच, गाठी त्याच. पण तेव्हा डॉक्टरांच्या हातात त्यावर एकही औषध नव्हतं. गाठीचा प्लेग झालेल्या दहा जणांतले तीन ते सहा जण दगावायचे. तो छातीत उतरला तर जवळजवळ कुणीच वाचत नसे. सरकारकडे उपाय एवढाच होता, की आजाऱ्याला घरातून उचलून छावणीत न्यायचं. पुण्यात त्यासाठी गोरे सोल्जर घरात शिरायचे, बायाबापड्यांची झडती घ्यायचे. लोक आजाराइतकेच त्या झडतीला भ्याले होते.

अशा वेळी सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा पासष्टीच्या पुढे होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घरात डॉक्टर मुलगा होता, दवाखाना होता, सेवा करणारी माणसं होती. नव्हतं ते फक्त औषध.

त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्टही तुम्हाला ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. वय अवघं एकवीस. स्वतः डॉक्टर, पण स्वतःच्या दुखण्यावर द्यायला जगात कुणाकडेच औषध नव्हतं.

प्लेगने त्या वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. डॉक्टर हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. लस आजार व्हायच्या आधी उपयोगी पडते. आजार झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचं उत्तर बुरशीतून आलं. लोणच्याला पाणी लागलं की वर बुरशी धरते, तसलीच एक बुरशी. १९२८ साली लंडनच्या एका इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं, की जंतू वाढवलेल्या बशीत बुरशी पडली आहे आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेले आहेत. त्या बुरशीत जे होतं त्याला त्यांनी पेनिसिलीन नाव दिलं. पण बुरशीतून औषध वेगळं काढायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. ते काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांनी केलं.

१९४१ साली त्यांनी पहिल्यांदा एका आजारी पोलिसाला ते औषध दिलं. त्याच्या चेहऱ्यावर, डोळ्यात पू झाला होता, आशा सुटली होती. औषध दिलं आणि चार-पाच दिवसांत तो उठून जेवायला लागला. पण औषधच इतकं थोडं होतं की ते संपलं. त्याच्या लघवीतून गाळून तेच औषध परत त्याला दिलं. तेही संपलं. दुखणं उलटलं आणि तो गेला. औषध लागू पडत होतं, पण पुरलं नाही म्हणून माणूस गेला. हे ध्यानात ठेवा. आज आपल्यावर याच्या उलटी वेळ येऊ घातली आहे.

पुढे अमेरिकेत बाजारातल्या एका बुरशी आलेल्या खरबुजावर जास्त औषध देणारी जात सापडली. मग पेनिसिलीन भरपूर बनू लागलं. १९४३ साली मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन निघालं. ते क्षयावर चाललं, प्लेगवरही चाललं. आनंदीबाई आणि सावित्रीबाई, दोघींचा जीव ज्या आजारांनी घेतला, त्या दोन्हींवर एकच औषध आलं. त्यानंतर टेट्रासायक्लिन आणि बाकीची औषधं आली. जंतू मारणाऱ्या या सगळ्या औषधांना आपण अँटिबायोटिक म्हणतो.

आपल्या राज्यातही हे काम उभं राहिलं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली. पिंपरीचं पेनिसिलीन देशभर जाऊ लागलं. बाळंतपणानंतरचा ताप, न्यूमोनिया, चिघळलेली जखम, यांतून बाया आणि लेकरं उठू लागली. आपल्या आज्यांनी या इंजेक्शनला देवाची सुई म्हटलं असेल, तर त्यात नवल नाही.

पण फ्लेमिंग यांनी तेव्हाच इशारा दिला होता. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात ते म्हणाले की औषध कमी मात्रेत घेतलं तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतील. क्षयाच्या बाबतीत ते लगेच दिसलं. नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रोगी आधी सुधारायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा ढासळायचे. म्हणूनच क्षयाला तीन-चार औषधं एकदम आणि किमान सहा महिने देतात. डॉक्टरांना हौस आहे म्हणून नाही.

जंतू औषधाला शिकतो म्हणजे काय, हे मला तुम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही ते कापसात पाहिलं आहे. २००२ साली बीटी कापूस आला. सुरुवातीला बोंडअळी दिसेनाशी झाली, फवारणी वाचली. मग हळूहळू काही अळ्या त्यातूनही जगल्या. त्यांचीच अंडी, त्यांचीच पिल्लं. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने उभा कापूस खाल्ला. बियाण्याच्या पिशवीसोबत बिगर-बीटीचं छोटं पाकीट यायचं, ते कडेने लावा म्हणजे अळी निर्ढावणार नाही, असं सांगितलेलं होतं. ते किती जणांनी लावलं? आणि ज्या बाईने नीट लावलं, तिचा कापूस तरी वाचला का? शेजारच्या रानात निर्ढावलेली अळी तिच्याही रानात आली.

जंतूंचं अगदी तसंच आहे. औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि चिवटांचीच प्रजा वाढते. शिवाय जंतूंना एक गोष्ट येते जी अळीला येत नाही. एका जातीचा जंतू आपली ताकद दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. त्यामुळे माझ्या पोटात निर्ढावलेला जंतू उद्या तुमच्या लेकराच्या अंगात जाऊ शकतो. तुम्ही आयुष्यात एकही गोळी वाया घातली नसली तरीही.

आता परत १९९४ ला येऊ. मामल्याच्या मागोमाग सप्टेंबरात गुजरातमध्ये सुरतेला छातीचा प्लेग निघाला. पन्नासहून जास्त माणसं दगावली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले. आणि दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. सुरतेतच नव्हे, जिथे प्लेग नव्हता अशा मोठ्या शहरांतही लोकांनी गोळ्या विकत घेऊन घरात साठवल्या, काहींनी भीतीपोटी आधीच खाल्ल्या. आजारी माणसाला आणि त्याच्या जवळच्यांना जी गोळी हवी होती, ती निरोग्यांच्या खिशात गेली.

आपलं दैव बरं होतं. त्या साथीतल्या जंतूवर टेट्रासायक्लिन चाललं. दुसऱ्याच वर्षी, १९९५ साली, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर सोळा वर्षांच्या एका पोराला प्लेग झाला. त्याच्या अंगातला जंतू तपासला तर त्याच्यावर टेट्रासायक्लिनही चालत नव्हतं आणि स्ट्रेप्टोमायसिनही नाही. ती ताकद त्या जंतूने दुसऱ्या जातीच्या जंतूकडून घेतली होती. दुसरं एक औषध लागू पडलं म्हणून तो पोरगा वाचला. तसला जंतू आदल्या वर्षी मामल्यात असता तर? विचार केला की अंगावर काटा येतो.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. २०११ च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉक्टर झरीर उदवाडिया यांनी क्षयाचे चार रोगी जगापुढे मांडले. त्यांच्यावर तपासलेल्या औषधांपैकी एकही चालत नव्हतं. त्या आजाराला काय नाव द्यावं यावर सरकारचं आणि डॉक्टरांचं पटलं नाही. पण त्या चौघांतले तिघे तिथवर कसे आले, ते त्यांच्या कागदांवर दिसत होतं. दीड वर्षात सरासरी चार-चार डॉक्टर बदललेले, प्रत्येकाने एखादं औषध वाढवलेलं, मात्रा चुकलेली. हे वाचलं की मला आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात. दसरा-दिवाळीला कोयता निघाला की सहा महिने गाव नाही. क्षयाच्या गोळ्या इथे सुरू झालेल्या आणि बाई कारखान्यावर फडात. औषध तुटलं तर तिचा दोष काय? पण जंतू दोष विचारत नाही, तो चिवट होतो.

असा जंतू झाला की पुढची औषधं महाग आणि अंगाला जड. क्षयाच्या कठीण दुखण्यात पूर्वी जी इंजेक्शनं द्यावी लागत, त्यांनी काहींचे कान जात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना दुसऱ्यांदा क्षय झाला तेव्हा असंच झालं. ऐन चोविशीत ऐकू येणं गेलं. त्या गप्प बसल्या नाहीत. क्षयाच्या नव्या गोळीवर कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून त्यांनी हरकत घेतली आणि २०२३ च्या मार्चमध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

आता दवाखान्याकडे वळू. तिथे हे संकट सगळ्यात जास्त आहे. असं का, ते सोपं आहे. जबर औषधं तिथेच सगळ्यात जास्त दिली जातात, त्यामुळे निर्ढावलेले जंतूही तिथेच तयार होतात. आणि त्यांना अशक्त माणसं तिथेच मिळतात. सिझरचा टाका, सलाईनची सुई, लघवीची नळी, काचेच्या पेटीतलं कमी दिवसांचं बाळ. या सगळ्या जंतूला आत शिरायच्या वाटा आहेत. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांच्या तपासण्यांत दिसतं आहे, की अतिदक्षता विभागातल्या कित्येक जंतूंवर शेवटची राखून ठेवलेली इंजेक्शनंही चालत नाहीत. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषध न चालणाऱ्या जंतूंमुळे गेली, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. त्या पोलिसाला औषध पुरलं नव्हतं. आज कपाट औषधांनी भरलेलं असतं आणि लागू पडत नाही.

दवाखान्यात जंतू बहुतेक करून हातांवरून फिरतो. याचीही एक जुनी गोष्ट आहे आणि ती बायांचीच आहे. १८४७ साली व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर बाळंतपण करायचे, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने खूप जास्त बाया मरायच्या. आम्हाला सुईणींकडेच घाला, म्हणून बाया रडायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांना उमगलं, की डॉक्टर प्रेत चिरून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्याने खाली आली. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. नुसते हात धुतले आणि बाया वाचल्या.

मग अँटिबायोटिक घ्यायचंच नाही का? असं मुळीच नाही. वेळेवर आणि नेमकं दिलं तर ते जीव वाचवतं आणि ते देणं आपल्यासारख्या बायांनाही जमतं. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला हे लक्षणांवरून ओळखायचं आणि ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस औषध आणि इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे काम झालं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे जगभर छापून आलं. चार बुकं शिकलेल्या बायांनी हे केलं. त्यांच्याजवळ नियम होता आणि त्या तो मोडत नव्हत्या.

सरकारनेही काही नियम केले आहेत. मार्च २०१४ पासून काही जबर अँटिबायोटिक आणि क्षयाची औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव वहीत लिहावं लागतं. २०१६ पासून सरकार सांगत आहे, की गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असली तर ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. २०१९ साली कोंबड्यांना आणि जनावरांना कोलिस्टिन नावाचं औषध द्यायला बंदी झाली, कारण माणसासाठी ते अगदी शेवटच्या औषधांपैकी आहे. पण मेडिकलवाल्याला 'दोन पॉवरच्या गोळ्या द्या' म्हटलं आणि त्याने दिल्या, तर नियम कागदावरच राहतो.

म्हणून आपल्या हातात काय आहे ते सांगते. पुढच्या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. लाल रेघ कशावर आहे ते बघा. उरलेल्या गोळ्या जावेला, शेजारणीला द्यायच्या नाहीत. आशाताईंना बोलवा, त्या समजावून सांगतील.

साध्या सर्दी-पडशाला, विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक चालतच नाही. पातळ जुलाबात लेकराला आधी ओआरएसचं पाणी लागतं. रक्ताची जुलाब, धाप, दूध न ओढणारं बाळ, असं दिसलं तर अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांनी औषध दिलं तर विचारा: हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी? किती दिवस? सांगितले तितके दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच आपल्या मनाने सोडू नका.

माणूस भरती असेल तर विचारा, कोणतं औषध लागू पडेल ते बघायला रक्ताची किंवा लघवीची तपासणी, म्हणजे कल्चर, करायची का? त्याला दोन-तीन दिवस लागतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी आपली माणसं जातात, तिथे हे विचारायला लाजू नका. रोग्याला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. भेटायला दहा-दहा माणसं घेऊन जाऊ नका आणि पलंगावर बसू नका.

आणि टोळीबरोबर निघणाऱ्या मैत्रिणींनो, क्षयाची औषधं चालू असतील तर निघायच्या आधी सरकारी दवाखान्यात सांगा, की आम्ही अमुक कारखान्यावर चाललो. औषध सरकारकडून फुकट आहे आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातही मिळतं. कागद मात्र सोबत ठेवा. मुकादम विचारेल तर सांगा, हे औषध सुटलं तर उद्या फडातल्या सगळ्यांना भोगावं लागेल.

सावित्रीबाईंच्या वेळी औषध नव्हतं. मामल्याच्या वेळी होतं आणि ते चाललं. आपल्या नातींच्या वेळी ते असेल का, हे आपण आज घरात ठेवलेल्या गोळ्यांचं काय करतो त्यावर ठरणार आहे. बैठकीला पाकिटं आणायला विसरू नका.